पोटातला सु, दारावरचा सु

आत्या,

तुझा तेरावा झाला त्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर, आई तुझ्या खोलीतलं तोरण भिंतीवरून काढायला गेली. "अर्धं राहिलेलं काम टांगून ठेवू न्हाय," असं पुटपुटत तिनं डावीकडच्या खिळ्याला हात घातला आणि मी ओरडले. एवढ्या जोरात, की शेजारच्या जनाकाकू चुलीवरचं तसंच टाकून पळत आल्या. आठव्या महिन्यातली बाई ओरडली की गल्लीला दुसरं काही सुचत नाही.

"काय झालं गं? दुखाय लागलं का?"

"न्हाय काकू. तोरणाला हात लावू नका म्हणलं."

"एवढंच व्हय!" म्हणून त्या कपाळाला हात लावत माघारी गेल्या.

एवढंच नव्हतं. मी भ्याले होते. त्याला आज चार दिवस झाले, अजून भ्यालेलीच आहे, म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं आणि मी तुला लिहितेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बी.ए. बाई, वाचून कोण दाखवणार हाय मला?" आपल्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती तू टोमण्यासारखी वापरायचीस. बी.ए. बाई, चहा घ्या. बी.ए. बाई, सुईत दोरा घालायला कालेजात शिकवलं न्हाय का? मला राग यायचा. पण सोनारीच्या जत्रेत तू गोंडे-तोरणं मांडून बसलीस की येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचीस, "ही भाची माझी. बी.ए. हाय." आणि मग त्या बाईच्या तोंडाकडं बघत राहायचीस, तिला पुरतं कळलं का ते बघायला. तेव्हा टोमणा नसायचा.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. मी तुझं तोंड बघितलं नाही. पोटुशी बाईनं मढं बघू नये म्हणून आईनं मला जनाकाकूंच्या घरात बसवलं आणि बाहेरून कडी लावली. मी कडी वाजवली नाही. ग्रामपंचायतीत संगणकावर बसते, गावाला दाखले काढून देते, बायकांना सांगते की ग्रहणात भाजी चिरली म्हणून लेकराचा ओठ फाटत नाही. आणि त्या दिवशी काकूंच्या पिठाच्या डब्याला टेकून, डोळे मिटून, कानात बोटं घालून बसले. तुला अंगणातून उचललेलं मला आवाजानं कळू नये म्हणून. तुला मी भ्याले, आत्या. तुला. जिनं मला न्हाऊ घातलं तिला. याची लाज कुठं ठेवू ते मला अजून सापडलेलं नाही.

आता तोरणाचं सांगते.

भिंतीवर दोन खिळे आहेत. त्यांना ताणलेल्या दोरीवर तुझं काम आहे तसंच आहे. उजव्या टोकाला हिरवा राघू, लाल चोचीचा. त्याच्या डावीकडं म, मग त, मग ग, मग स्वा. पुढं डावीकडं नुसते तंगुसाचे दोरे लोंबतायत, वाऱ्यानं हलतात. खाली लावायचे गोंडे तयार होऊन सुपात पडलेत, लाल-पिवळे, वाफ देऊन सरळ केलेले.

तू डावरी. सगळी दुनिया डावीकडून उजवीकडं ओवते, तू उजवीकडून डावीकडं. अक्षरं तुला येत नव्हती म्हणून तुझं काही अडायचं नाही. तुला मणी पाठ होते. आडवे किती, उभे किती, कुठं रंग बदलायचा, सगळं चार-चारनं मोजून. आणि प्रत्येक अक्षराला तू आपलं नाव ठेवलं होतंस. म म्हणजे खिडकी. त म्हणजे काठी टेकलेला म्हातारा. ग म्हणजे खुंटी. स्वा म्हणजे जोडपं. आणि सु म्हणजे शेपूटवालं. सुरुवात तू शेवटापासून करायचीस, म्हणून शेपूटवालं कायम शेवटी यायचं. तुझ्या तोरणाचा शेवट आधी तयार असायचा, सुरुवात राहिलेली असायची.

आणि नेमकी तीच राहिली.

भांडण आपलं त्या शेपूटवाल्यावरूनच होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा तू तामलवाडीच्या, माझ्या सासरच्या दारासाठी तोरण केलंस. महिनाभर खपून. सुस्वागतम. मी नुकतीच पदवी घेतलेली, परंड्याच्या कॉलेजात संस्कृतच्या बाईंनी शिकवलेलं डोक्यात ताजं. मी तोरण बघितलं आणि तुझे कष्ट बघायच्या आधी चूक बघितली.

"आत्या, हे चुकलंय."

तू घाबरून मणी मोजायला लागलीस. "कुठं? खिडकीत का?"

"मणी बरोबर आहेत. शब्द चुकलाय. सु अधिक आगत म्हणजे स्वागत. स्वागतच्या पोटात सु आधीच आहे. पुढं परत सु लावायचा नसतो."

तू जरा वेळ जोडप्याकडं बघितलंस. बोट फिरवलंस त्यावरून.

"ह्याच्या पोटात एक सु हाय म्हणतीस?"

"हो."

"दिसत तर न्हाय."

"दिसत नाही, पण असतो."

"मग बाहेर एक नको व्हय? पोटातला काय पाव्हण्याला दिसतोय?"

मी हसले. आईपण हसली. तू नाही हसलीस. "आगं, आपल्यात एकदा या म्हणलं तर कुणी येतंय का? एकदा म्हणलं की माणूस म्हणतं, बघू. दुसऱ्यांदा म्हणलं की चप्पल काढतं. तुझ्या कालेजात एकदाच म्हणत असतील या."

तू बरोबर होतीस की नाही यावर मी आजही भांडेन. व्याकरणानं मीच बरोबर. पण त्या दिवशी मी नुसती बरोबर राहिले नाही, मी अडून बसले. म्हणाले, माझ्या दारावर चुकीचा शब्द लागणार नाही, तिथले लोक शिकलेले आहेत, हसतील. ते ऐकून तू कात्री घेतलीस आणि शेपूटवालं उसवलंस. मणी पितळीत पडताना जो आवाज आला तो मला तेव्हा ऐकू आला नव्हता, आता येतो. उसवलेले लाल मणी तू जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेस आणि माझ्या बॅगेत टाकलेस. "राहूदी तुझ्यापाशी. लागलं तर."

तामलवाडीच्या दारावर स्वागतम लागलं. शुद्ध. कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर कुणी वाचलंच नाही.

दोन वर्षांनी मला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात ते गेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, रक्तदाब वाढला होता, वारेतून बाळाला पुरत नव्हतं. मला सगळं कळलं. कागद मी स्वतः वाचले. आणि तरीही दवाखान्यातून घरी आले, उंबऱ्यावर पाय ठेवला, वर बघितलं, आणि पहिला विचार काय आला माहितीय? एकदाच म्हणलं होतं. म्हणून माघारी गेलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. संतोषलाही नाही. नवरा चांगला आहे माझा, पण त्यानं ते तोरण त्याच दिवशी काढून फेकलं असतं, आणि मग मला कायमचं खरं वाटलं असतं. तू भेटायला आलीस. दारात थांबलीस. तूही वर बघितलंस. मी तुझ्या डोळ्याकडं बघत होते. तू मान खाली घातलीस, आत आलीस, माझ्या केसांना तेल लावलंस, आणि एक शब्द बोलली नाहीस.

त्या एका नजरेवर मी चार वर्षं काढली. तुझ्या मनात तेच आहे, असं धरून. रागानं एकदा विचारलंही, आठवतंय? आपण दोघी सुपात लोकर घेऊन बसलो होतो.

"आत्या, खरं सांग. तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनात गोंडे हायेत. हात चालीव."

असली तू. गोंड्याचं तेवढं मनापासून बोलायचीस. हाताच्या चार बोटांना लोकर गुंडाळायची, वरून बांधायची, मग जरा खाली दोरा फिरवून गळा. माझा गळा कायम चुकायचा. मी भीतीनं करकचून आवळायचे, सुटेल म्हणून, आणि गोंडा खराट्यासारखा ताठ उभा राहायचा. तू तो हातात धरून सगळ्यांना दाखवायचीस. "बघा, बी.ए. बाईचा गोंडा. फाशी दिलीय बिचाऱ्याला." आणि मग माझ्या बोटांवर बोटं ठेवून, "गळा धरायचा असतोय बये, आवळायचा न्हाय. सुटत न्हाय ते. धरलेलं कळतंय त्याला."

आता या खेपेला सातवा लागला आणि मी माहेरी आले. सहावा महिना मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. इथं आल्यावरही रोज सकाळी उठून आधी पोटावर हात. हललं की मग चहा. तू एका शब्दानं विचारायची नाहीस, फक्त माझा हात पोटावरून निघाला की मगच पातेलं चुलीवर ठेवायचीस. मी ते बघितलं होतं. तुला वाटायचं, मला दिसत नाही.

आणि एका सकाळी तू दोन खिळे ठोकलेस.

आई घाबरली. "वन्सं, आधी नका करू काही. मागच्या बारीला बी…"

"हे लेकरासाठी न्हाय, दारासाठी हाय. दार काय पोटात हाय व्हय?"

"तरी पण, वन्सं."

"तू पुरणाचं बघ. मणी माझ्याकडं."

तू उजवीकडून राघू केलास. मग खिडकी. मी रोज येऊन बघायचे, कुठवर आलंय. तू काय लिहितेयस ते मला पहिल्या दिवशी कळलं होतं, पण तू शेवट कुठं करणार ते कळत नव्हतं. शेपूटवालं घालणार की नाही? विचारायची छाती झाली नाही. सु घाल म्हणावं, तर सगळं शिकलेलं पाण्यात. नको म्हणावं, आणि परत तसंच झालं तर? जोडपं संपत आलं तेव्हा बार्शीच्या दवाखान्यात माझा रक्तदाब परत वाढलेला निघाला. पाय सुजले. त्या दिवशी घरी आल्यावर तू माझ्या पावलावर अंगठा दाबून बघितलास. खळगा पडला, लवकर भरला नाही. तू अंगठा काढून त्या खळग्याकडं बघत राहिलीस. मी आयुष्यात पहिल्यांदा तुला भ्यालेली बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडपं पुरं केलंस, गोंड्यांना वाफ द्यायला पाणी ठेवते म्हणून उठलीस, आणि चुलीपाशी बसलीस ती बसलीसच. पाणी आटून पातेलं करपलं. वास आला म्हणून आई गेली.

भिंतीवर स्वागतम. माझ्या व्याकरणानं पुरं झालेलं, तुझ्या हिशेबानं अर्धं. आता कळलं का, मी तेराव्याला का ओरडले? आईनं ते काढलं असतं, तर परत एकदाच म्हणलेलं राहिलं असतं.

काल धीर करून तुझा पत्र्याचा डबा उघडला. इतके दिवस त्याच्याकडं पाठ करून झोपत होते. तुझी पद्धत मला माहीत आहे. ओवायला बसायच्या आधी तू प्रत्येक अक्षराचे मणी मोजून वेगवेगळ्या पुरचुंडीत बांधायचीस. आधी मोजायचं, मग ओवायचं. म्हणजे जे राहिलंय त्याची पुरचुंडी डब्यात असणारच. शेपूटवाल्याची पुरचुंडी सापडली, की तुझ्या मनात काय होतं ते कळणार. मला तेच हवं होतं आणि त्याचीच भीती होती.

एकच पुरचुंडी होती. सोडली. हिरवे मणी. आणि चोचीपुरते लाल. दुसरा राघू.

मी डबा पालथा केला. सुया, मेण, कात्री, तुझा तुटका चष्मा. शेपूटवालं नव्हतंच. तू मोजलंच नव्हतंस. राघू, स्वागतम, राघू. तू माझ्या मनासारखं करत होतीस.

तू हरलीस? कधी? आणि मला न सांगता?

आई दारात उभी होती. म्हणाली, "मी विचारलं होतं वन्संला. शेपूटवालं घालणार का म्हणून. त्या म्हणल्या, न्हाय. पोरीचं खरं असंल, एवढी पुस्तकं वाचलीत तिनं. तिच्या मनासारखं हुंदी."

मी विचारलं, "आणि मागच्या बारीचं? आत्याच्या मनात ते होतं ना, आई? मी सु काढायला लावला म्हणून…"

आई माझ्याकडं बघतच राहिली. "येडी का काय तू? वन्सं काय म्हणायच्या, मण्यानं लेकरू येत न्हाय अन् मण्यानं जात बी न्हाय. त्या तुझ्या दारात आल्या तवा तोरणाचा कोपरा सुटला होता म्हणं. परत येताना एसटीत सगळ्या वाटंनं तेच. पोरीच्या दारावरचं काम सुटलंय, गाठ माझीच कच्ची राहिली."

आत्या, कोपरा सुटला होता. तू वर बघितलंस ते गाठ बघायला. चार वर्षं मी तुझ्या एका नजरेला भीत राहिले, आणि तू तुझ्या गाठीला दोष देत होतीस. तू अडाणी आणि भीती सगळी बी.ए. बाईकडं. एकदा सरळ विचारलं असतं, दुसऱ्यांदा विचारलं असतं. मी एकदाच विचारलं, तू गोंडे म्हणालीस, आणि मी गप्प बसले. दोनदा विचारायला पाहिजे होतं. हे तूच शिकवत होतीस ना?

मग मला मोकळं व्हायला पाहिजे होतं. नाही झाले. भीती तशीच आहे. आता तोरणाची नाही, नुसती भीती. परवा बार्शीला जायचंय. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, परवा बघू आणि मग ठरवू, थांबायचं की बाळ आधीच काढायचं. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर झोपून लाथा मोजायला सांगितल्यात. मी चार-चारनं मोजते, तुझ्यासारखं. मधेच चुकते, मग परत पहिल्यापासून. एखादी चौकडी उशिरा पुरी होते, तेवढ्यात मी काय काय बघून येते ते तुला सांगत नाही.

संतोषला फोन केला. म्हटलं, कपाटात खालच्या कप्प्यात, लग्नातल्या बॅगेत, चिंधीत बांधलेले लाल मणी आहेत, येताना घेऊन ये. "आत्ता मणी?" तो म्हणाला. "आत्ताच." आज सकाळी तो मणी घेऊन आला. वर म्हणाला, "आत्याबाई असत्या तर म्हणल्या असत्या, जावई कामाला आला एकदाचा." आणि मग तोंड फिरवून अंगणात गेला.

मी बसले. राघूला जागा नाही आता, तिथं शेपूटवालं येणार. तुझे दोरे हातात घेतले. मी उजवी, मी डावीकडूनच ओवणार. तू शेवटाकडून आलीस, मी सुरुवातीकडून निघाले, म्हणजे कुठंतरी तुझ्या जोडप्यापाशी येऊन भेटणार. मला मणी पाठ नाहीत. मी आपलं अक्षर ओळखून ओवलं, जसं लिहितात तसं. दोनदा चुकलं, उसवलं. शेपूट आखूड झालं, चार-पाच मणी उरले. सु जरा वाकडा उभा आहे, स्वाला टेकल्यासारखा. रंगही वेगळा दिसतो, हे मणी जुने, तुझे नवे. जोडाची गाठ मारताना हात आपोआप आवळायला गेला. थांबले. धरली नुसती. सुटली नाही.

हे मी बाळासाठी केलं असं म्हणणार नाही. मण्यानं येत नाही, मण्यानं जात नाही, तूच म्हणालीस. हे आपल्या भांडणासाठी केलं. तू माझ्यासाठी सु सोडलास, मग मी तुझ्यासाठी घालायचा नाही तर काय करायचं? पण ओवताना तोंडातल्या तोंडात म्हणत होते, हे तुला सांगायला हरकत नाही. पोटातल्याला म्हणत होते. ये. आणि परत, ये.

आई बघायला आली. तिला जोडाक्षरं नीट वाचता येत नाहीत. बराच वेळ बघत उभी राहिली.

"बरोबर आलं का गं?"

"न्हाय," मी म्हणलं. "चूक हाय."

"मग उसव की."

"न्हाय उसवत."